गाडीची चेन घ्यायला जाण्याआधी: ४२८, ५२० हे आकडे आणि कोकणातली खारी हवा

काउंटरवर जाऊन “स्प्लेंडरची चेन द्या” म्हटलं की खोकं पुढे येतं, आपण पैसे देतो आणि निघतो. बऱ्याचदा ते जमूनही जातं. पण गाडी जुनी असेल, मधल्या मालकाने स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) बदललेला असेल, किंवा दुकानात नेमका तो सेट शिल्लक नसेल, तर “हीच चालेल, थोडी कापून घ्या” असं उत्तर मिळतं. त्या क्षणी आपल्याला तीन आकडे माहीत असतील तर चुकीची चेन गळ्यात पडत नाही: चेनचा साइज, लिंकची (म्हणजे कड्यांची) संख्या आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दाते. चौथी गोष्ट कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. ती म्हणजे गाडी कुठे चालणार. दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत ती किनाऱ्यावर चालणार असेल तर चेन ताकद कमी पडून तुटण्याचा प्रश्न फार क्वचित येतो. इथे चेन मरते ती मीठ, लाल चिखल आणि चार महिन्यांच्या पावसाने.

पहिल्यांदाच स्वतः चेन निवडणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. स्कूटरवाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल, त्यांच्याकडे बहुधा बेल्ट असतो.

सोबत काय लागेल

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बहुधा सापडतं.
- आरसीचा फोटो. मॉडेल आणि वर्ष अचूक सांगता येतं. एकाच नावाच्या गाडीचे दाते वर्षागणिक बदललेले असू शकतात.
- स्टीलची फूटपट्टी. व्हर्नियर असेल तर उत्तमच.
- खडू किंवा रंगाचा मार्कर, जुना टूथब्रश, चिंध्या, थोडं रॉकेल किंवा डिझेल.
- स्वतः बसवणार असाल तर पाने, नोज प्लायर, नवी स्प्लिट पिन, आणि रिव्हेटची (टोकं पिन ठोकून कायमची जोडलेली) चेन असेल तर चेन कटर व रिव्हेट टूल. शेवटची दोन हत्यारं घरात नसतील तर ते काम फिटरकडेच द्या, त्यात कमीपणा नाही.

१. चेन खरंच संपली आहे का, ते आधी पाहा

चेन “ताणली जाते” असं आपण म्हणतो, पण लिंकच्या बाजूच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश (छोटी नळी) घासून झिजतं. एकेका जोडात फक्त ०.१ मिमी झीज झाली तरी ११८ लिंकच्या चेनमध्ये ती जवळजवळ १२ मिमी भरते. म्हणूनच चेन लांब झालेली दिसते.

मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेनचा खालचा भाग ओढून ताठ करा. एका पिनवर खुणेचा खडू लावा, ती पहिली धरून एकविसाव्या पिनेपर्यंत मोजा. पिनेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत अंतर घेतलं की मध्यबिंदू शोधत बसावं लागत नाही. ४२८ साइजच्या नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिमी असतं. २५९ झालं की चेन बदलायची. ५२०, ५२५, ५३० या चेनमध्ये नवं माप ३१७.५ मिमी. तिथे मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते आणि बरीच कडक असू शकते. काही मॅन्युअल ३१९.४ मिमीलाच थांबा म्हणतात, तेव्हा आपलं मॅन्युअल उघडून बघा. दोन-तीन वेगवेगळ्या जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

फूटपट्टीही नको असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर खेळ संपला. मागच्या एक्सलची (चाकाच्या दांड्याची) खूण अॅडजस्टरच्या (चाक मागे सरकवून चेन ताणायच्या स्क्रूच्या) शेवटच्या रेघेवर पोचली असेल तरीही तेच. आणि दाते एका बाजूला झुकून हुकासारखे टोकदार झाले असतील तर मोजत बसू नका.

स्प्लेंडरसारख्या पूर्ण चेन कव्हरच्या गाड्यांत एवढं सगळं दिसत नाही. कव्हरला खाली एक रबरी बूच असतं, ते काढून चेनचा सैलपणा (ती वर-खाली किती हलते) बोटाने बघता येतो, पण झीज मोजायची तर कव्हर उतरवावंच लागतं. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, ते उतरवा. आत साठलेला लाल चिखल बघून पुढच्या वर्षी आठवण करून द्यावी लागणार नाही.

२. चेनवरचा आकडा वाचा

ब्रशने आणि रॉकेलने एखाद-दोन लिंक स्वच्छ करा. बाहेरच्या पट्टीवर कंपनीचं नाव आणि आकडा ठोकलेला असतो: ४२८, ४२८एच, ५२० असा काहीतरी. मधल्या काळात कुणी चुकीची चेन बसवली असेल तर हा आकडाही चुकीचाच असणार. म्हणून तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

आता हा आकडा फोडू. पहिला अंक म्हणजे पिच, एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. ४ म्हणजे ४/८ इंच, १२.७ मिमी. ५ म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिमी. पुढचे दोन अंक आतल्या पट्ट्यांमधली रुंदी सांगतात, म्हणजे दात जिथे बसतो ती जागा. २० म्हणजे पाव इंच (६.३५ मिमी), २५ आणि २८ दोन्ही म्हणजे ५/१६ इंच (७.९४ मिमी), ३० म्हणजे ३/८ इंच (९.५३ मिमी). २५ आणि २८ एकच रुंदी कशी, याचं गणित जुळवायला जाऊ नका. ते जुन्या पद्धतीतून तसंच चालत आलेलं आहे.

आपल्या रस्त्यांवर काय दिसतं? १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८. पल्सर एनएस २०० किंवा ड्यूक ३९० सारख्यांना ५२०. त्याहून मोठ्या गाड्यांना ५२० किंवा ५२५, आणि काही मोठ्या, जुन्या धाटणीच्या गाड्यांना ५३०. ४२० ही चेन छोट्या गाड्यांची.

आकड्यामागचं ‘एच’ म्हणजे हेवी: पट्ट्या जाड. पिच आणि आतली रुंदी तीच राहते, त्यामुळे ४२८च्या जागी ४२८एच बसते आणि आपल्याकडे बाजारात बहुधा तीच मिळते. एवढंच बघायचं की जाड पट्ट्यांमुळे बाहेरची रुंदी थोडी वाढते.

इथला मोठा सापळा असा. ५२०, ५२५ आणि ५३० या तिघींचं पिच एकच आणि रोलरही (दातांमध्ये बसणारी गोल नळी) सारखा. म्हणून ५२०च्या स्प्रॉकेटवर ५३०ची चेन चढते. चढते म्हणून ती बरोबर नाही. दात अरुंद, जागा रुंद, त्यामुळे चेन आडवी डुलते आणि दात बाजूने खाते. उलटं करायला गेलात तर ५२०ची चेन ५३०च्या जाड दातावर बसतच नाही, तिथे निदान फसवणूक होत नाही. ४२० आणि ४२८ मध्ये तर रोलरचा व्यासही वेगळा आहे. “हाफ इंचच आहे ना, चालेल” असं कुणी म्हटलं तर नको म्हणा.

३. लिंक मोजा

चेनचा साइज बरोबर आणि लांबी चुकीची, हे फार होतं. खोक्यावर ४२८एच पुढे ११८ किंवा ११८एल असं लिहिलेलं असतं, तो लिंकचा आकडा. आतली आणि बाहेरची, दोन्ही प्रकारच्या लिंक मोजायच्या. अरुंद एक, रुंद एक, असं करत. सोपं म्हणजे फक्त बाहेरच्या लिंक मोजा आणि दुप्पट करा. चेन लॉकही (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी लिंक) बाहेरच्या लिंकमध्ये धरायचं. उत्तर नेहमी समसंख्या येतं. विषम आलं तर परत मोजा.

जुन्या चेनमधून आधीच कुणी लिंक काढलेल्या असू शकतात. आपल्याकडे ही पद्धत सर्रास चालते: अॅडजस्टर संपला की दोन लिंक कापा, चेन पुन्हा ताठ. दिसायला ताठ, पण प्रत्येक जोडातलं अंतर वाढलेलंच आहे आणि ते दाताच्या अंतराशी जुळत नाही. नवा स्प्रॉकेट घातलात तर त्यालाही ती जुनी चेन झपाट्याने आपल्यासारखं करून टाकते. म्हणून लिंकचा आकडा जुन्या चेनवरून घेतला तरी मॅन्युअलशी किंवा पार्ट लिस्टशी जुळवल्याशिवाय विकत घेऊ नका.

४. दाते मोजा, आणि घाटाचा विचार इथेच उरकून टाका

पुढचा छोटा स्प्रॉकेट, मागचा मोठा. दोन्हींवर बहुधा दात्यांचा आकडा ठोकलेला असतो. नसेल तर एका दातावर खडूची खूण करून मोजा. मागचे दाते भागिले पुढचे दाते हे तुमचं शेवटचं गिअरिंग. ४२ आणि १४ असतील तर बरोबर ३.

आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली यांपैकी एखाद्या घाटातून रोज डबलसीट जाणारे लोक हमखास विचारतात, पुढे एक दात कमी केला तर? १४च्या जागी १३ घातला की ३चं ३.२३ होतं, म्हणजे खेच साधारण साडेसात टक्क्यांनी वाढते. मागे तेवढाच फरक करायचा तर तीन दाते वाढवावे लागतात. चढावर फरक जाणवतो. पण महामार्गावर तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, पेट्रोल थोडं वाढतं, आणि छोट्या स्प्रॉकेटवर चेनला जास्त वळावं लागतं म्हणून झीजही वाढते. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो त्यांचा काटा यानंतर जास्त वेग दाखवतो. पुढच्या चाकावरून मोजणाऱ्यांना काही फरक नाही.

माझं मत: महिन्यातून एखाद्या वेळी कोल्हापूर-सातारा करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. दोन नंबरचा गिअर त्यासाठीच दिलेला आहे. रोज बोजा घेऊन चढ चढणाऱ्याने मात्र जरूर करावं. दात बदललेत तर लांबीचा हिशोब ठेवा: दोन्ही स्प्रॉकेट मिळून चार दाते वाढले की साधारण दोन लिंक जास्त लागतात. एक-दोन दात्यांचा फरक अॅडजस्टर सांभाळून घेतो.

५. साधी चेन की ओ-रिंग?

किनाऱ्यावर राहणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या प्रश्नावर.

साध्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामध्ये जे तेल जाईल तेच. ओ-रिंगच्या चेनमध्ये कारखान्यातच आत ग्रीस भरून दोन पट्ट्यांमध्ये रबरी रिंग बसवलेली असते. ग्रीस बाहेर येत नाही, पाणी आणि धूळ आत जात नाही. एक्स-रिंग हा त्याचाच सुधारलेला प्रकार: रिंगचा छेद फुलीसारखा, त्यामुळे घर्षण कमी आणि सील जास्त चांगलं.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. जांभ्याची लाल धूळ उन्हाळ्यात पिठासारखी बारीक उडते आणि चेनवरच्या तेलात बसते. मग चेन फिरताना पिन आणि बुश पाट्यावर मसाला वाटावा तसं एकमेकांना वाटत राहतात. पावसात तेल धुऊन जातं. वर समुद्राचा वारा. मिठामुळे ओल टिकून राहते आणि उघड्या लोखंडाला गंज धरायला एक रात्र पुरते. हा गंज पिनेपर्यंत पोचला की काही लिंक आखडतात. हाताने वाकवल्या तरी सरळ होत नाहीत, आणि स्प्रॉकेटवरून जाताना कट-कट आवाज येतो.

म्हणून माझा हिशोब असा. गाडीला पूर्ण चेन कव्हर असेल आणि वापर गावातल्या गावात असेल, तर चांगल्या कंपनीची साधी ४२८एच घ्या आणि तेल वेळेवर घाला. ओ-रिंगवर जास्त पैसे घालू नका. शिवाय ओ-रिंगची पिन लांब असते, कव्हरला किंवा इंजिनच्या केसिंगला घासते का ते बघावं लागतं. चेन उघडी असेल, रोजचा रस्ता खाडीच्या कडेने किंवा समुद्रालगत असेल, आणि पावसाळ्यातही गाडी थांबत नसेल, तर ओ-रिंग घ्या. ज्या गाडीला कंपनीनेच ओ-रिंग दिली आहे तिला साधी चेन लावून पैसे वाचवायला जाऊ नका.

ओ-रिंगवालीला बाहेरून तेल लागत नाही हा गैरसमज आहे. आतलं ग्रीस पिनेसाठी. रोलर, दाते आणि पट्ट्यांवरचा गंज यांसाठी बाहेरचं तेल लागतंच. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने मात्र ती कधीच धुवायची नाही, रिंगा खराब होतात.

सोनेरी चेन घ्यायची का, असंही विचारतात. तो मुलामा बाहेरच्या पट्ट्यांचा गंज लांबवतो. आतल्या झिजेचा त्याच्याशी काही संबंध नाही. शोभेसाठी घ्यायची तर घ्या.

६. दुकानात

रोलॉन आणि डायमंड ही भारतीय नावं सहज मिळतात, डीआयडी आणि आरके या जपानी. गाडीच्या कंपनीचा सेट मिळत असेल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने तोच घ्यावा, जुळवाजुळव वाचते.

तिन्ही वस्तू एकत्र घ्या: चेन, पुढचा स्प्रॉकेट, मागचा स्प्रॉकेट. “मागचा अजून चांगला आहे” हे वाक्य पैसे वाचवल्यासारखं वाटतं, पण झिजलेला दात नव्या चेनला पहिल्या दिवसापासून खातो. खोकं फोडून बघा: पट्टीवरचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा एकच आहे का, लिंक किती, दाते किती, सोबत चेन लॉक आहे का. मागच्या स्प्रॉकेटची बोल्टची छिद्रं जुन्यावर ठेवून जुळवा. बिल घ्या. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारं ओळखीच्या नावाचं खोकं नकली असण्याची शक्यता धरून चाला.

जुन्या चेनचा चांगला तुकडा नव्या चेनला जोडून लांबी पूर्ण करून देणारे असतात. ते कधीच स्वीकारू नका.

७. बसवताना

चेन लॉकची क्लिप उलटी बसणे, ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात धोकादायक चूक. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने फिरते त्या दिशेला असलं पाहिजे. लॉक वरच्या बाजूला असताना बंद टोक गाडीच्या तोंडाकडे, खालच्या बाजूला आलं की मागच्या टायरकडे. फिटरने गाडी दिल्यावर चाक फिरवून हे स्वतः बघा. मिनिटभराचं काम आहे.

सैलपणा किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं. लहान गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमीच्या आसपास, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. चाक फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ येते त्या जागी मोजायचं. ताठ चेन दिसायला नीटनेटकी वाटते. पण मागे माणूस बसला आणि गाडी खड्ड्यात आपटली की ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. आपल्या रस्त्यांवर थोडी सैल परवडते, ताठ नाही.

दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. एक्सलला स्प्लिट पिन असेल तर नवी टाका. पहिल्या ३००-५०० किलोमीटरनंतर सैलपणा पुन्हा तपासा, नवी चेन सुरुवातीला थोडी बसते.

८. नंतरची निगा

कोरड्या दिवसांत साधारण ५०० किलोमीटरला तेल. पावसाळ्यात किलोमीटर विसरा, भिजून आलात की तेल. पडवीत गाडी लावल्यावर चेन गरम असतानाच, खालच्या फेरीच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे फिरताना ते बाहेर पसरतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी जास्तीचं पुसा. निघायच्या आधी मारलेला स्प्रे अर्धा टायरवर जातो. एसएई ९० गिअर ऑइल स्वस्त आणि ओ-रिंगलाही चालणारं आहे. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनातली काजळी आणि धातूची पूड असते. खोबरेल तेलाचं नावच नको.

साफ करताना इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला चिंधी लावू नका. बोटं जातात. चाक हाताने फिरवा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीतून गाडी नेलीत, किंवा कुणी पुळणीवर गाडी घातलीत, तर घरी आल्यावर त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने चेन धुवा, कोरडी करा, मग तेल. धुण्यासाठी प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पाणी रिंगांच्या आत शिरतं.

चाकरमान्यांसाठी एक गोष्ट. गणपतीला आणि शिमग्याला वापरायची गाडी गावच्या घरी महिनोन्महिने उभी राहत असेल, तर परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी चेन साफ करून नेहमीपेक्षा जास्त तेल लावा आणि गाडी स्टँडवर, समुद्राच्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. पुढच्या वेळी आल्यावर किक मारण्याआधी मागचं चाक पूर्ण एक फेरी हाताने फिरवा. एखादी लिंक आखडलेली दिसली तर तेल मुरवून, हाताने दोन्ही बाजूंना वाकवून ती मोकळी होते का बघा. होत नसेल तर त्या चेनवर घाट चढू नका.